काटकसरीचे खून : प्रस्तावना

संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी रसांची जी शत्रुमित्रव्यवस्था लावून ठेवली आहे, तीत हास्य आणि भयानक या दोघांना एका पंगतीला बसण्याची मुभा नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याचे जे वैरी सांगितले त्यांत भयानकाचे नाव आहेच, आणि सामान्य अनुभवही त्याच पक्षाची साक्ष देतो; ज्याच्या उरात धडकी भरली आहे त्याला विनोद सुचत नाही, आणि जो पोट धरून हसतो आहे त्याला भिवविणे कठीण असते. असे असता, युरोपच्या वायव्येस असलेल्या एका ओल्या, धुकट बेटावर सुमारे नव्वद वर्षे बेताच्या भांडवलावर असे चित्रपट निघत आले आहेत, की ज्यांत हे दोन वैरी एकाच घरात, एकाच चहाच्या किटलीभोवती बसलेले असतात आणि आपण भ्यालो की हसलो याचा निवाडा प्रेक्षकाला स्वतःलाही करता येत नाही. प्रस्तुत ग्रंथ या चित्रपटांविषयी आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मुंबईत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी 'द लेडीकिलर्स' प्रथम पाहिला. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पडद्यावर पाच दरोडेखोर एका म्हाताऱ्या विधवेला ठार करण्याची कामगिरी कोणाच्या गळ्यात घालावी याविषयी घोळ घालीत होते, आणि या बाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या, हसता हसताच त्या माझ्याकडे किंचित वळल्या आणि काळजीच्या स्वरात म्हणाल्या, "मारतील का हो तिला?" आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त रसविरोधाच्या परिहाराचा जो मार्ग सांगितला आहे, त्याचे इतके चोख उदाहरण मला कोणत्याही टीकाग्रंथात सापडलेले नाही. परस्परविरोधी रसांना एकाच आश्रयावर न ठेवता त्यांचे आश्रय भिन्न करावेत, म्हणजे विरोध मावळतो, असे तो सांगतो. या चित्रपटांत नेमके तेच घडते. भिण्याचे काम पात्राने करावे, हसण्याचे प्रेक्षकाने, आणि मधूनच, कोणाच्या ध्यानीमनी नसता, या दोघांनी आपापली जागा बदलावी. त्या अदलाबदलीचा क्षण म्हणजे या चित्रप्रकाराचा प्राण होय.

येथे शब्दाचा एक खुलासा केला पाहिजे. मराठीत 'रहस्यपट' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना लावतो. खून कोणी केला हे शेवटपर्यंत दडवून ठेवणारा चित्रपट तो रहस्यपट, आणि खुनी कोण हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून, आता पुढे काय होणार या विवंचनेत आपल्याला दीड तास टांगून ठेवणारा तोही रहस्यपटच. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पोसलेल्या आपल्या वाचकाला पहिला प्रकार अधिक परिचयाचा. पण ज्या चित्रपटांची ही चर्चा आहे त्यांतील बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतात. तेथे गुपित असे फारसे नसते. खुनी आपल्याला ठाऊक असतो, इतकेच नव्हे तर तो आपल्याला आवडू लागलेला असतो, आणि त्याची फजिती होऊ नये असे मनातून वाटू लागल्याची लाज हीच आपली उत्कंठा असते.

आता या कुळाचा मूळपुरुष शोधू गेल्यास तो एखादा प्रतिभावंत दिग्दर्शक न निघता ब्रिटिश पार्लमेंटाचा एक कायदा निघतो, ही गोष्ट कलाविचाराला थोडी लाजिरवाणी असली तरी खरी आहे. अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्यापुढे देशी धंदा बुडू लागला, तेव्हा 1927 साली कायदा करून असे ठरविण्यात आले, की वितरकांनी आणि थिएटरवाल्यांनी आपल्या एकंदर मालात ठराविक हिस्सा ब्रिटिश चित्रपटांचा ठेवलाच पाहिजे. प्रारंभी हा हिस्सा वितरकांना शेकडा साडेसात आणि थिएटरांना शेकडा पाच होता, आणि दहा वर्षांत तो शेकडा वीसपर्यंत चढवीत न्यावयाचा होता. अमेरिकन कंपन्यांनी या हुकुमाचे शब्दशः पालन केले आणि हेतूचे मुळीच केले नाही. लंडनमधील लहानसहान निर्मात्यांना त्यांनी फुटाला एक पौंड अशा दराने चित्रपटांचा मक्ता दिला, आणि मोजून सहा हजार फूट लांबीचा चित्रपट सहा हजार पौंडांत, दोनतीन आठवड्यांत पुरा करून घेतला. हे चित्रपट सकाळी, थिएटरात झाडलोट करणाऱ्या बायकांखेरीज कोणी नसताना दाखवून कायद्याची पूर्तता करून घेत, अशी एक आख्यायिका सांगितली जाते.

मात्र या बदनाम कारखान्यातच पुढची पिढी हात घासून तयार झाली. मायकेल पॉवेलने 1931 पासून पाचसहा वर्षांत असे वीसाहून अधिक चित्रपट काढले. त्यांतील 1935 चा 'द फँटम लाइट' हा वेल्सच्या किनाऱ्यावरील एका भुताटकीच्या दीपगृहाचा चित्रपट आहे, आणि तेथे नव्याने रुजू झालेला लंडनी रखवालदार गॉर्डन हार्करच्या तोंडून असा काही बोलतो, की भुतांनाच संकोच वाटावा. ट्विकनहॅमच्या स्टुडिओत बर्नार्ड व्होरहाउसने 1933 साली काढलेल्या 'द घोस्ट कॅमेरा'ची कापाकापी डेव्हिड लीन नावाच्या एका तरुण संकलकाने केली होती. पुढे वाळवंटे आणि उंटांचे तांडे ज्याने सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर मांडले, तो माणूस एका हरवलेल्या कॅमेऱ्याच्या लहानशा कथेवर कात्री चालवीत बसला होता, हे चित्र मला मोठे मनोरम वाटते.

पैशाची ही चणचण नुसती सोसण्याची अडचण होती, आणि गुणी माणसांनी तिच्यावर मात केली, असे या चित्रपटांविषयी सर्रास लिहिले जाते. मला हे मान्य नाही. माझे म्हणणे असे, की ती चणचण हाच या चित्रपटांचा साचा होता. पैसे नाहीत म्हणून नेपथ्य एक. नेपथ्य एक म्हणून खुनी, बळी, साक्षीदार आणि पोलीस यांना एकाच खोलीत वावरणे भाग. एकाच खोलीत परकी माणसे जमली म्हणजे इंग्रज माणसाला शिष्टाचार पाळणे भाग. आणि शिष्टाचार व खून यांचा एकाच टेबलावर सामना झाला की हास्य आपल्या पायांनी चालत येते, त्याला बोलवावे लागत नाही. ज्याच्या तिजोरीत भरपूर पैसा आहे तो खुन्याला मोटारीत घालून डोंगरावरून पळवितो. ज्याच्यापाशी नाही तो त्याला आणखी एक कप चहा घ्यायला लावतो. मराठी रंगभूमीवर तीन दरवाजे आणि एक कोच असलेला दिवाणखाना पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या प्रेक्षकाला ही एका खोलीची किमया परकी वाटू नये.

हिचकॉकच्या ज्या चित्रपटांची येथे गणना करावयाची ते त्याच्या अमेरिकेला जाण्यापूर्वीचे होत. 1938 चा 'द लेडी व्हॅनिशेस' इझलिंग्टनच्या चिंचोळ्या स्टुडिओत, नव्वद फुटी नेपथ्यावर उभा राहिला, आणि आगगाडीतून एक वृद्ध बाई नाहीशी झाली असता चार्टर्स आणि कॅल्डिकॉट हे दोन इंग्रज गृहस्थ मँचेस्टरच्या कसोटी सामन्याला उशीर होईल या एकाच चिंतेत गढलेले राहतात, ही त्यातील खरी थट्टा आहे. गोळ्या सुटतात, युरोप पेटण्याच्या बेतात असतो, आणि अखेर लंडनला पोहोचावे तो सामना पावसापायी रद्द झालेला. ही जोडी हिचकॉकची नव्हे. ती फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलिअट या पटकथाकारांची, आणि या ग्रंथात या द्वयाला जो मान मिळाला आहे तो त्यांना पूर्वीच मिळावयास हवा होता. त्यांच्या 'ग्रीन फॉर डेंजर' या 1946 च्या चित्रपटात इन्स्पेक्टर कॉक्रिल रात्री अंथरुणावर एक गुप्तहेरकथा वाचीत पडतो, खुनी आपण ओळखला अशा तोऱ्यात शेवटचे पान उलटून पाहतो, आणि त्याचा चेहरा उतरतो. ही भूमिका करणाऱ्या अ‍ॅलास्टेर सिमने दहा वर्षांनी 'द ग्रीन मॅन'मध्ये बाजू बदलली. तेथे तो घड्याळजीच्या सोज्ज्वळ बुरख्याआड बड्या आणि फुगीर माणसांना बॉम्बने उडविणारा धंदेवाईक आहे. समुद्रकाठच्या खाणावळीत रेडिओत बॉम्ब ठेवून झाल्यावर तीन प्रौढ वादक बायकांच्या संगीतापाशी त्याचा जीव कसा गुंततो, हे शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. सिमचे डोळे पाहावेत.

ईलिंगच्या स्टुडिओला दरिद्री म्हणणे अन्यायाचे होईल. मायकेल बाल्कनच्या अंमलाखालील ती एक नेटकी, मध्यमवर्गीय घरासारखी चालविलेली संस्था होती, आणि तिचा हिशेब हॉलिवुडच्या मानाने चिल्लरीचा असला तरी फुटाला पौंड या दराचा खास नव्हता. तथापि ही परंपरा सांगताना तिला वगळणे म्हणजे वंशावळीतून आजोबाच गाळणे होय. 1949 च्या 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्ये रॉबर्ट हेमरने एका सुसंस्कृत तरुणाकडून सरदारकीच्या वारसांची एकामागून एक वासलात लावली, त्या सर्व वारसांचे वेष अ‍ॅलेक गिनेसने घेतले, आणि सगळी कैफियत त्या तरुणाने फाशीच्या आदल्या रात्री तुरुंगात बसून, वळणदार इंग्रजीत लिहून काढली. तेथे येणारा फाशीदार सरदाराला कोणत्या बिरुदाने संबोधावे याची चौकशी करून येतो. थॉमस डी क्विन्सीने 1827 साली खुनाची ललितकला म्हणून समीक्षा लिहिली, जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली इंग्रजी खुनाचा दर्जा घसरल्याची कुरकूर केली. या लोकांत खुनाविषयी असा रसिकपणा मुरलेला आहे खरा. पण ज्या काळात हे चित्रपट निघाले त्या काळात त्या देशात खुनाला फाशी होती. ती शिक्षा तहकूब झाली 1965 साली. फाशीदाराच्या विनोदावर हसणाऱ्या प्रेक्षकाला त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात खरी फाशी वाचावयास मिळू शकत होती, आणि त्या हास्यातील धार तेथून आलेली आहे.

'द लेडीकिलर्स' 1955 चा; त्याच वर्षी ईलिंगची वास्तू बी.बी.सी.ने विकत घेतली. सर्वांत इंग्रजी समजला जाणारा हा चित्रपट विल्यम रोझ या अमेरिकनाने लिहिला आणि बोस्टनमध्ये जन्मलेल्या स्कॉच आईबापांच्या अलेक्झांडर मॅकेंड्रिकने दिग्दर्शित केला, यात काही गंमत आहे. घरातल्या माणसाला घराचा वास येत नाही. किंग्ज क्रॉसच्या रेल्वेबोगद्यावर वाकड्या उभ्या असलेल्या घरात मिसेस विल्बरफोर्स एकट्या राहतात. वादक म्हणून खोली भाड्याने घेणारे पाच दरोडेखोर वर ग्रामोफोनवर बोक्केरिनीची तबकडी लावून खलबते करतात, लूट बाईंच्याच हातून स्टेशनवरून आणवितात, आणि निघता निघता चेलोची पेटी दारात अडकून उघडते. आता गुपित फुटले. याच्या पुढचा प्रसंग कोणत्याही अन्य देशात रक्तपाताचा झाला असता. येथे मात्र बाईंच्या मैत्रिणी चहाला येऊन ठेपतात, आणि उघडकीला आलेल्या त्या पाच आडदांड माणसांना मुकाट्याने चहाचे कप फिरवावे लागतात, म्हाताऱ्यांबरोबर गावे लागते. बाईंना मारण्यासाठी पुढे ते काड्या ओढतात, कौल ज्याच्यावर पडतो त्याचा हात उठत नाही, आणि एकेकाचे प्रेत घराखालून जाणाऱ्या मालगाडीत पडत जाते.

पन्नासच्या दशकात दोन चित्रपटांचा जोडखेळ दाखविण्याचा शिरस्ता होता, आणि मुख्य चित्रपटाआधी तासाभराचा दुय्यम चित्रपट पुरविण्यासाठी मर्टन पार्कसारख्या कारखान्यांत, तसेच डॅन्झिगर बंधूंच्या छपराखाली, अखंड उत्पादन चालू असे. 1950 पासून तिकिटाच्या उत्पन्नातील काही भाग देशी निर्मात्यांकडे वळविण्याची तरतूद झाली, तिनेही या धंद्याला टेकू दिला. एडगर वॉलेसच्या नावाने 1960 ते 1965 या मुदतीत मर्टन पार्कने चाळीसाहून अधिक चित्रपट काढले. आरंभी धुक्यात फिरणारा वॉलेसचा अर्धपुतळा पुष्कळांना चित्रपटांहून अधिक आठवतो, आणि ते ठीकच आहे. यांतील बहुतेक माल पोटार्थी होता. पण याच बाजारात 1961 साली हॅमर कंपनीचा, क्वेंटिन लॉरेन्स दिग्दर्शित 'कॅश ऑन डिमांड' निघाला, आणि माझा सगळा मुद्दा ज्या एका चित्रपटावर सोडून द्यावा असे मला वाटते तो हा आहे. मुळात हे दूरचित्रवाणीवरील नाटक. स्थळ, एका लहान गावातील बँकेची शाखा. काळ, नाताळच्या तोंडावरची एक सकाळ. पीटर कुशिंगचा फॉर्डाइस हा मॅनेजर, क्षुल्लक चुकीसाठी हाताखालच्या ज्येष्ठ कारकुनाची भाकरी काढून घ्यायला निघालेला, कोरडा, टापटिपीचा माणूस. विमा कंपनीचा तपासनीस म्हणून आंद्रे मोरेलचा एक दिलखुलास कर्नल आत येतो, टेलिफोनवर फॉर्डाइसला त्याच्या बायकोचा घाबरलेला आवाज ऐकवितो, आणि शांतपणे सांगतो, की आता तुझ्याच बँकेची तिजोरी तुला माझ्यासाठी उघडायची आहे. काचेपलीकडे कारकून वावरत असतात, त्यांना संशय येता कामा नये. म्हणून दरोडा सगळा अदबीने, कार्यालयीन शिस्तीत पार पडतो. मधल्या वेळात दरोडेखोर मॅनेजरला माणसांशी कसे वागावे याचे धडे देतो, आणि मौज अशी की ते धडे बरोबर असतात. डिकन्सच्या कंजुष स्क्रूजला तीन भुतांनी जे शिकविले ते येथे एका चोराने शिकविले. एक इमारत, मूठभर नट, पिस्तुलाचा आवाज नाही. आणि कुशिंगच्या कपाळावरचा घाम पाहताना आपल्या तळहातालाही घाम येतो.

साठनंतर हा कारभार सोहोच्या गल्ल्यांत गेला. 'कॅरी ऑन' मालिकेचे फार्स ज्या अँग्लो-अमाल्गमेटेडच्या वहीत जमा होत, त्याच वहीत 1960 साली पॉवेलचा 'पीपिंग टॉम' खर्ची पडला; समीक्षकांनी त्याचे जे धिंडवडे काढले त्यांतून पॉवेलची इभ्रत पुढे फार वर्षे सावरली नाही. मायकेल क्लिंगर आणि टोनी टेन्सर यांचा खरा धंदा सभासदांपुरत्या क्लबात उत्तान चित्रपट दाखविण्याचा, पण प्रतिष्ठेच्या हव्यासाने त्यांनी एका पोलिश तरुणाला पैसे दिले, आणि रोमान पोलान्स्कीने त्यांना 'रिपल्शन' व 'कल-द-साक' दिले. दुसरा 1966 चा. भरतीने मुख्य भूमीपासून तुटणाऱ्या लिंडिसफार्न बेटावर एक जखमी गुंड एका चमत्कारिक जोडप्याच्या वाड्यात घुसतो, आणि अवचित पाहुणे येताच त्याच गुंडाला नोकर बनून त्यांची सरबराई करावी लागते. मिसेस विल्बरफोर्सचा चहा पुन्हा हजर झाला, फक्त या वेळी तो अधिक कडू आहे. बर्लिनच्या महोत्सवाने या चित्रपटाला सुवर्ण-अस्वल दिले.

सत्तरच्या दशकातील पीट वॉकरचे चित्रपट मी एकदा पाहिले, पुन्हा पाहण्याची इच्छा झाली नाही. 'थिएटर ऑफ ब्लड'ची (1973) गोष्ट निराळी. व्हिन्सेंट प्राइसचा उपेक्षित नट आपल्यावर प्रतिकूल लिहिणाऱ्या समीक्षकांना शेक्सपिअरच्या नाटकांतील मरणांनी मारीत सुटतो. नेपथ्याचा खर्च टाळून सगळा चित्रपट लंडनच्या खऱ्या जागांत घेतला गेला. प्रस्तावना लिहिण्याचा व्यवसाय करणाऱ्याने तो दिवसाउजेडी पाहावा.

1982 साली चॅनल फोर सुरू झाले आणि लहान चित्रपटांना एक नवा धनको मिळाला. त्याच्या साहाय्याने, सुमारे दहा लाख पौंडांत, डॅनी बॉइलने 1994 साली 'शॅलो ग्रेव्ह' केला. लिहिणारा जॉन हॉज पेशाने डॉक्टर, निर्माता अँड्रू मॅकडोनल्ड हा पॉवेलचा जन्माचा सहकारी एमेरिक प्रेसबर्गर याचा नातू. तिघे मित्र, एक फ्लॅट, मेलेला भाडेकरू आणि पैशांची पेटी. प्रेताचे तुकडे कोणी करावेत हे येथेही नशिबावर सोपविले जाते. 1955 च्या दरोडेखोरांचा हात उठला नव्हता. 1994 च्या तिघांपैकी हिशेबनीसाचा उठतो. मधल्या 39 वर्षांत इंग्रजी समाजाचे काय झाले याविषयी मोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण मला हा एक फरक त्यांतील पुष्कळांहून अधिक बोलका वाटतो. बेन व्हीटलीने आठ दिवसांत 'डाउन टेरेस' पुरा केला आणि 2012 साली 'साइटसीअर्स' आणला. त्यात अ‍ॅलिस लो आणि स्टीव्ह ओरम यांचे जोडपे कॅरॅव्हॅन घेऊन ट्रामचे आणि पेन्सिलींचे संग्रहालय पाहत हिंडते, आणि पहिला बळी ट्राममध्ये कचरा टाकणाऱ्याचा पडतो. शिष्टाचार आता खुनाच्या आड येत नाही. तोच खुनाचे कारण झाला आहे. पुढे लो हिने स्वतः गरोदर असताना अकरा दिवसांत 'प्रिव्हेंज' दिग्दर्शित केला आणि त्यात खुनी गर्भवतीची भूमिकाही केली.

हे सारे मराठी वाचकापुढे आज मांडण्याचे प्रयोजन उघड आहे. कॅमेरा खिशात आला, चित्रपट काढणे स्वस्त झाले, आणि तरीही आपल्याकडील थोड्या पैशांचा थरारपट मोठ्या पैशांचे सोंग आणण्यात आपली शक्ती दवडतो. प्रस्तुत ग्रंथ त्याला उपदेश करीत नाही. लेखकाने प्रत्येक चित्रपटाजवळ बसून, खोली कोणती, दारे किती, कोण कोणासमोर बसले आहे आणि जमाखर्चातील कोणत्या तुटीमुळे तसे बसले आहे, एवढेच धिमेपणाने पाहिले आहे. कथानके सांगून मोकळे होणाऱ्या रसग्रहणांची आपल्याकडे वाण नाही. अशा रीतीने पैशाच्या वहीतून शैलीपर्यंत पोहोचणारे विवेचन मात्र मी मराठीत क्वचितच वाचले आहे.

एका बाबतीत माझे लेखकाशी जमले नाही. मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग यांच्या अ‍ॅमिकस कंपनीचे, एका चित्रपटात चारपाच कथा गुंफणारे संग्रह त्यांनी भयपट म्हणून बाजूला ठेवले आहेत. वास्तविक ईलिंगच्या 'डेड ऑफ नाइट'पासून निघालेला तो सरळ फाटा आहे, आणि नामांकित नटाला चारदोन दिवसांच्या बिदागीवर बोलावून एका कथेपुरते वापरण्याची युक्ती काटकसरीच्या या इतिहासात अग्रपूजेच्या योग्यतेची आहे. 'फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह'मधील जुन्या वस्तूंच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला कुशिंग तर केवळ गिऱ्हाइकांच्या लबाडीची नोंद ठेवूनच आपल्याला गारठवितो. ही तक्रार मी हस्तलिखित वाचताच लेखकाकडे केली. त्यांचे उत्तर आले, की प्रकरण लिहून तयार होते, पण प्रकाशकांनी मंजूर केलेली पाने तेवढीच होती.